कोपीतला सहावा

गिऱ्हाईक काय घेऊन चाललंय ते बघून ते पुढं काय करणार हे ओळखावं तर रेणापूरच्या मन्मथअप्पांनीच. बसस्टँडसमोर त्यांचं हार्डवेअरचं दुकान. दोन कुलपं आणि दोन कडी-कोयंडे नेले तर भावाभावांची वाटणी झाली. पांढरा रंग आणि दोन ब्रश नेले तर पोरीला बघायला पाहुणे येणार. चार पत्रे आणि किलोभर खिळे म्हणजे म्हैस व्याली. सत्तावीस वर्षांत अंदाज चुकला नाही, असं ते स्वतः सांगायचे आणि सांगताना समोरच्याच्या पिशवीकडं बघायचे.

म्हणून स्वतःच्याच पोरीनं एका आठवड्यात दुकानातून बारा मीटर नायलॉनची दोरी, आठ इंची आठ खुंट्या आणि एक ताडपत्री नेली, तेव्हा अप्पांनी त्यांची तीनदा जुळवाजुळव करून पाहिली. तरी या तीन वस्तूंचं काय होतं, ते त्यांना सांगता येईना.

सुकन्या अकरावी सायन्सला. कॉलेज लातूरला. दिवसाचे अडीच तास एसटीत आणि एसटीची वाट बघण्यात जायचे, म्हणून जानेवारीपासून तिला तिथल्या वसतिगृहात राहायचं होतं. अर्ज गल्ल्याच्या खणात पडून होता. सोमवारपर्यंत अप्पांची सही हवी होती.

"सही करायच्या आदी नीट बघ," येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, माहेरी आलेली त्यांची थोरली बहीण नागुबाई म्हणाली होती. "काय निघालं तर वसतिगृह सोड, लातूरच बंद करायचं."

"हाव," अप्पा म्हणाले होते. आणि ते हाव त्यांनी मनापासून म्हटलं होतं.

त्यात पोरगी पंधरा दिवस फोनमध्ये बघून गालात हसत होती.

"काय बघायलीस?" अप्पांनी विचारलं.

"जपानचं कार्टून हाय, अप्पा. शाळेतल्या पोरी कॅम्पिंगला जातात."

"मग?"

"मग तंबू लावतात. सैपाक करतात. शेकत बसतात. घरी येतात."

"आन पोरगं कधी येतं?"

"पोरगं न्हाईच त्यात."

अप्पांनी मान डोलवली. पण ज्या गोष्टीत चार पोरी घराबाहेर राहतात, भांडण होत नाही, कुणी पळून जात नाही आणि पोरगंही येत नाही, ती गोष्ट कुणी कशाला बनवील? काहीतरी दडवलं असल्याशिवाय?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी नसताना त्यांनी स्वतःच्या फोनवर ते शोधून काढलं. बोलणं जपानी. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. अप्पा दुसऱ्या शब्दापर्यंत पोचले की ओळ बदलायची. म्हणून त्यांनी नुसत्या चित्रावर नजर ठेवली. पहिल्या भागात एक चष्मेवाली पोरगी नदीकाठी गेली आणि तिनं किटली ठेवली. पाणी उकळलं. भाग संपला. अप्पांनी तो पुन्हा लावला. किटलीत काही टाकलं का, ते बारकाईनं पाहिलं. चहाच होता.

तिसऱ्या भागात धुकं आलं. अप्पा सावरून बसले. धुकं गेलं. मागं एक टेकडी होती. पोरी म्हणाल्या, "आ." सहाव्या भागात वीस मिनिटं भात शिजत होता. शिजला. एक गिऱ्हाईक बिजागरी मागत उभं होतं, त्याला अप्पांनी हातानं थांबवलं, कारण झाकण आता उघडणार होतं.

शुक्रवारी बारावा भाग संपला तेव्हा चारही पोरी सुखरूप घरी पोचल्या होत्या आणि अप्पांचा संशय पार टोकाला गेला होता.

"बारा भागांत काहीच घडत न्हाई," त्यांनी बायकोला सांगितलं.

"मग बरंच हाय की," नीलाबाई म्हणाल्या. त्या परवाच्या तयारीला लागल्या होत्या. येळवस रविवारी होती आणि आंबिलीचं ताक अजून घुसळायचं होतं. "पोरीला सरळ इच्यारा."

"इच्यारल्यावर कुणी खरं सांगतं का?" नागुबाई म्हणाली, आणि तिनं पदराच्या गाठीतून एक चिठ्ठी काढली. सुकन्याच्या केमिस्ट्रीच्या वहीतून ती गळून पडली होती, असं तिचं म्हणणं. वही दप्तरात होती आणि दप्तर खुंटीला होतं, हे कुणी विचारलं नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं: शनिवार, साडेतीन. आमचं रान, कोपीजवळ. ब्लँकेट तीन, शेगडी, काडेपेटी. अप्पांना कळू द्यायचं नाही.

शनिवारी सुकन्या दप्तर घेऊन निघाली. "जादा तास हाय. साडेसहाला येते."

तीन वाजता अप्पांनी शटर ओढलं. येळवशीच्या आदल्या दिवशी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी. खणातला अर्ज खिशात घातला. फाडायचाच झाला तर तिच्या डोळ्यांसमोर फाडावा, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

रानात लपायला जागा एकच होती. सकाळी त्यांनी स्वतःच कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधली होती, आणि उद्याच्या पूजेसाठी आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडून ठेवले होते. कोप पांडवांच्या मापाची होती, अप्पांच्या नव्हे. तरी ते पांडवांना न दुखवता आत शिरले, गुडघे हनुवटीला लावून बसले आणि पेंढ्यांच्या फटीला डोळा लावला.

साडेतीनला सुकन्या आली. बरोबर दीपाली आणि तनुजा, तिच्या वर्गातल्या. अप्पा चौथ्या माणसाची वाट बघू लागले.

चौथं कुणी आलं नाही. पोरींनी ताडपत्री पसरली, दोरी ओढली, तंबू उभा केला. तो पडला. पुन्हा केला. पुन्हा पडला. सुकन्यानं खुंटी सरळ उभी ठोकली. अप्पांनी डोळे मिटून घेतले. तिनं दुसरीही सरळच ठोकली. अप्पांना ते बघवेना. त्यांनी मोठा श्वास घेतला, तो कडब्याच्या भुसासकट आत गेला, आणि ते शिंकले.

"कोपीत कोनतरी हाय," तनुजा म्हणाली.

"कुत्रं असंल."

"कुत्रं तोंड दाबून शिंकतं का?"

सुकन्यानं हातोडी घट्ट धरली. "तुरीचा चोर असंल. गेल्या आठवड्यात वरच्या रानात शेंगा गेल्या." आणि तिनं शेजारच्या व्यंकटकाकांना हाक मारली. येळवशीचा आदला दिवस, त्यामुळं रानोरान माणसं कोपी बांधत होती. व्यंकट आला, त्याच्यामागं त्याचे दोन भाऊ, आणि त्यांच्यामागं तीन रानांतली पंधरा-वीस माणसं, कडबा तोडायच्या विळ्यांसकट.

"भाईर ये," व्यंकट म्हणाला. "न्हाईतर कोपीसकट उचलतो."

कोपीतून बाहेर पडायचा एकच मार्ग होता, आणि तो उलटा होता. आधी धोतर आलं, मग पाठ, मग टोपी. टोपीवर कडबा होता. कपाळाला चुना लागला होता.

व्यंकटनं वाकून आत बघितलं. दगड मोजले. "मन्मथअप्पा," तो म्हणाला, "पांडव तर पाचच असतात. ह्यो सहावा कवाधरनं?"

कुणी हसलं नाही, कारण सगळे पुढचं ऐकायला थांबले होते.

"अप्पा, दुकान?" सुकन्यानं विचारलं.

"बंद केलं."

"का?"

अप्पांनी टोपी काढून कडबा झटकला. खरं काय ते जिभेवर होतं. पण वीस माणसांसमोर बापच म्हणाला की पोरीचा संशय आला, तर दिवेलागणीपर्यंत अख्ख्या रेणापूरला तो आला असता, आणि त्यातला एकही माणूस कोपीत बसून खात्री करणार नव्हता. मग लातूर त्यांना बंद करावंच लागलं नसतं. गावानंच केलं असतं.

"कॅम्पिंगला आलो," अप्पा म्हणाले.

"कोपीत?"

"माझ्याकडं तंबू न्हाई."

व्यंकटनं विळा खांद्यावर टाकला. मग "उद्या जेवायला यावं लागतंय आमच्या रानात," एवढंच म्हणाला आणि माणसं घेऊन गेला. जाताना तिघं वळून बघत होते.

"आता खरं सांगा," सुकन्या हळूच म्हणाली.

अप्पा तंबूकडं बघत होते. "खुंटी तिरपी ठोकायची असती. दोरीच्या उलट्या अंगाला डोकं कलतं ठेवून. ती चष्मेवाली चौथ्या भागात..." आणि ते थांबले.

"तुमी बघितलंत?"

"बारा."

"बाराच्या बारा?"

"पोरगं कधी येतं ते बघत होतो."

दीपालीनं तोंडावर ओढणी घेतली. सुकन्या हसली नाही. तिला सगळं कळलं होतं, चिठ्ठीसुद्धा.

"मला सांगितलं का न्हाईस?" अप्पांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुमी आला असता."

"आलो असतो. मग?"

"मग समदं तुमीच केलं असतं."

अप्पा काहीतरी सडेतोड उत्तर देणार होते. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की हातोडी आपल्या हातात आहे आणि तीन खुंट्या आपण उपटून तिरप्या ठोकल्या आहेत. चौथी दुसऱ्या हातात होती. त्यांनी दोन्ही वस्तू जमिनीवर ठेवल्या आणि पोरीनं बोट दाखवलं तिथं जाऊन बसले.

तंबू तिसऱ्यांदा पडला. अप्पा मांडीखाली हात घालून बसून राहिले. चौथ्यांदा तो उभा राहिला. मग शेगडी पेटली, चहा झाला. हरभऱ्यावरून थंड वारा येत होता आणि पोरी कुठल्यातरी मॅडमची नक्कल करत होत्या. अप्पांनी खिशातून अर्ज काढला, मांडीवर सपाट केला आणि सही केली. सुकन्यानं तो दोनदा वाचला, दप्तरात ठेवला आणि त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

साडेसहाला बाप-लेक घरी आले. नागुबाई दारातच बसली होती.

"काय निघालं?"

"काय न्हाई."

"कोन आलं होतं?"

"कोन न्हाई."

"मग तीन तास रानात काय करत होतास?"

"बसलो होतो."

"नुसता?"

"हाव," अप्पा म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते नागुबाईनं गेल्या पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. ते आत गेले. नागुबाईनं ते हात धुवायला लागेपर्यंत धीर धरला. मग तिनं नीलाबाईंना जवळ बोलावलं.

"नीला," ती म्हणाली, "पोरीचं राहू दे. आता ह्याचा फोन बघ."