माती परत मागणारे तात्या

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय, तासाभरात लॅबचे सर येतील आणि मग काय होईल मला माहीत नाही! कुरुळीला एक तात्या आहेत. अख्ख्या चाकण पट्ट्यात तपासायला दिलेली माती परत मागणारा हा एकच माणूस.

मी मातीच्या लॅबमध्ये आहे. गोठेवाल्यांच्या शेतातली माती नळीने काढून आणायची आणि तिच्यात कर्ब किती साठलाय, किती उडून गेलाय ते तपासायचं. कर्ब म्हणजे शेण, मुळं, पालापाचोळा कुजून मातीत मुरतं ना, ते. हे तात्यांना समजावलं आणि फसले! मी नळी उपसली की ते पटकन भोकावर टोपी ठेवतात. "झाक पोरी, उडंल न्हाई का!" गाय रस्त्यावर गेली की घमेलं घेऊन मागे पळतात. कंपनीच्या बसेस हॉर्न मारतायत आणि हे मध्येच उभे! "थांबा की राव, कर्ब चाललाय माझा!" आणि मी निघताना दरवेळी, "झालं की माती परत आण. चिमूटभर बी कमी नगं."

मी "हो तात्या" म्हणते. अहो, तपासताना ती जाळतात, उरलेली फेकतात! सांगायची हिंमतच झाली नाही.

आज रिपोर्ट घेऊन गेले. बापलेकांचं ठरलेलं होतं. कर्ब वाढला तर शेत राहणार, घटला तर तात्यांचा मुलगा गणेशदादा ते गोडाऊनला देणार.

घटला होता. फक्त गोठ्यामागच्या कोपऱ्यात भरपूर निघाला.

"आई रोज गोठा झाडून तिथंच टाकायची," दादा हळू म्हणाला. काकी जाऊन सहा वर्षं झाली. "तात्या, तेवढा कोपरा सोडायला सांगू का?"

"गोडाऊन काय कोपरा सोडून बांधत्यात व्हय? शबूद दिलाय म्या."

मग ते उठले. कोपऱ्यातली माती हातानंच उकरली, दुधाच्या रिकाम्या पिशवीत भरली, गाठ मारून माझ्या हातात दिली. भोकावर टोपी ठेवायची विसरले.

"ही परत आणू नगं. तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. हितं फरशी पडंल."

ती पिशवी आत्ता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. बिनलेबलाचं काहीही दिसलं की सर कचऱ्यात टाकतात. मी पेन घेऊन बसलेय, लेबलवर लिहू काय? तुम्हाला कधी कुणी असं काही सांभाळायला दिलंय का? तुम्ही कुठे ठेवलंत?