बदकांच्या विमानाची कुळकथा

लुत्फी एफेंदी, म्हणजे लुत्फीसाहेब, स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्याने बसून घ्यावं, अशी दमनहूर शहरात पद्धत होती.

"मी लुत्फी शंदवीली," ते त्या गुरुवारी सकाळी ओम्द्याला, म्हणजे कोम अल-बत्त गावच्या मुखियाला, सांगत होते. "हरवलेल्या, विसरलेल्या, बेवारशी विमानांची कुळकथा शोधणारा नाईलच्या दोन्ही काठांवरचा एकमेव गुप्तहेर! विमानाचा एक खिळा दाखवा, त्याच्या पणजोबाचं नाव सांगतो."

त्यांच्यामागे पिशवी घेऊन उभे असलेले नजीब बिशाय जमिनीकडे बघत राहिले. नजीब हे तारखात्यातून निवृत्त झालेले कारकून. अकरा वर्षांत त्यांनी एफेंदींच्या दोन मोठ्या शोधांच्या नोंदी लिहिल्या होत्या. पहिलं विमान पाण्याची टाकी निघालं आणि दुसरं जत्रेतला पाळणा.

पण हे मात्र खरोखरीचं विमान होतं! कालव्याकाठी, तुतीच्या झाडाखाली, एकावर एक अशा दुमजली पंखांचं. आत बदकं राहत होती. कैरोच्या संग्रहालयाने कळवलं होतं की विमानाचा इतिहास सिद्ध करा, शनिवारी ट्रक पाठवतो. आणि ओम्द्याने बजावलं होतं की आज दुपारच्या नमाजापर्यंत सिद्ध झालं नाही, तर विमान गरीबला.

गरीब हा ॲल्युमिनियमची भांडी ओतणारा. नावाचाच गरीब, गावात दुमजली घर त्याचं एकट्याचं. तो करवत मांडीवर घेऊन सावलीत बसला होता.

"पुढच्या भागाची वीस पातेली होतील," तो प्रेमाने म्हणाला. "शेपटीची झाकणं."

आयुष्यभर नजीबनी इतरांच्या प्रवासाच्या तारा ठोकल्या होत्या. एक तरी विमान आपल्या हातून वाचावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

एफेंदींनी भिंग काढलं. पत्र्याच्या फटीत पिवळी पूड होती.

"वाळू! नजीब, लिही. वाळवंटातलं युद्धविमान. ही वाळू पश्चिमेची आहे, सीमेपलीकडची. चवीवरून जिल्हासुद्धा सांगतो." आणि त्यांनी बोट चाटलं.

मग त्यांनी तोंड वाकडं केलं.

"कोणता जिल्हा, उस्ताज?"

"पाणी," एफेंदी म्हणाले.

पाणी पिऊन झाल्यावर ते सरपटत विमानाखाली गेले. पोटाला हातभर रुंदीचं भोक होतं.

"पहिला तर्क रद्द. हे राजवाड्याचं विमान! राजेसाहेबांना भूक लागली की या भोकातून दोर सोडून खालून बदक उचलायचे."

"आतली बदकं पाहून सुचलं का हे?"

"पुरावा अंड्यावर बसलाय, नजीब, आणि तू मला विचारतोस!"

दाराच्या आतल्या बाजूला मात्र खिळ्याने ओरखडलेलं काहीतरी सापडलं : 'पूर्व १२. पश्चिम ९. पुलाजवळ नको.' एफेंदींचा चेहरा उजळला.

"बाँब! पूर्वेला बारा, पश्चिमेला नऊ. शत्रूचं गुप्त विमान! पुलाजवळ का नको? कारण पुलाजवळ त्यांचा हेर राहायचा. ओम्दा, पुलाजवळ कोण राहतं?"

"मी," ओम्दा म्हणाला.

गरीब करवत घेऊन उठला.

तेवढ्यात उम्म शलबी चहाचं तबक घेऊन आली. बदकं तिचीच. सत्तरीची, कानात चांदीच्या बाळ्या, आवाज पंपासारखा. तिने एफेंदींची पिवळी झालेली जीभ पाहिली.

"गंधक चाटलंस होय रे? आमचा बैलसुद्धा चाटत नसे."

"गंधक?" नजीब म्हणाले.

"नाहीतर काय! कापसावर अळी पडली की कोस्ता यायचा हे घेऊन. ग्रीक माणूस, गुणाचा. माझे मालक पोती विमानातल्या डब्यात ओतायचे, भोकातून पूड शेतावर पडायची. मालकांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी दारावर मांडायची. पूर्वेच्या शेतात बारा पोती, पश्चिमेच्या नऊ."

"आणि पुलाजवळ नको?" ओम्द्याने घाबरत विचारलं.

"तुझी आई तिथे धुणं वाळत घालायची. एकदा पिवळं झालं, तर महिनाभर माझ्याशी बोलली नाही."

नजीबनी हळूच विचारलं, "मावशी, याचे काही कागद?"

"आहेत की. जाताना कोस्ता देऊन गेला. पेटीत आहेत, माझ्या लग्नाच्या कागदाखाली."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" ओम्दा म्हणाला.

"कुणी विचारलं? आणि हे शहरातून आले, भिंग काय, पिशवी काय. मला वाटलं ह्यांना सगळं ठाऊक असेल."

पेटीतून निघालेल्या कोस्ताच्या वहीत विमानाचा क्रमांक होता, प्रत्येक उड्डाण होतं, ओतलेलं प्रत्येक पोतं होतं. ओम्द्याच्या फोनवरून नजीबनी संग्रहालयाला क्रमांक वाचून दाखवला. पलीकडच्या बाई किंचाळल्याच. त्या जातीची सहाच विमानं बांधली होती. पाच कधीच मोडीत निघाली, सहावं कुठे गेलं ते कुणाला माहीत नव्हतं.

"शोध कुणी लावला? पाटीवर नाव घालायचंय," बाईंनी विचारलं.

नजीबनी मागे पाहिलं. एफेंदी मान ताठ करून उभे होते, जीभ किंचित बाहेर. अकरा वर्षांचा स्नेह आणि खरेपणा यांत नजीब क्षणभर अडकले.

"उम्म शलबी," ते म्हणाले.

एफेंदींनी तासभर अबोला धरला. मग अहवाल सांगायला बसले. "लिही : माझे तर्क ऐकून साक्षीदार शेवटी फुटली." नजीबनी तेवढं लिहिलं. खोटं नव्हतंच ते.

शनिवारी ट्रक आला. पंख सोडवून बाजूला बांधले, धड वर चढवलं. गरीबने स्वतः दोर आवळले. बदकांनी मात्र जाता जाता तिघांना चावून घेतलं.

"मला एकदा आत बसू दे," उम्म शलबी ड्रायव्हरला म्हणाली. "नऊ हंगाम याचं पोट भरलं, पण बसायला कुणी सांगितलं नाही. पुलापर्यंतच ने."

तिला वैमानिकाच्या जागी बसवलं. तिने पदर खोचला, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि समोर असं पाहिलं की गरीबनेही टोपी काढली. गुप्तहेराचा मान म्हणून एफेंदींना मागच्या जागेवर बसवलं. ते डोळे घट्ट मिटून, कडा पकडून बसले होते.

"उस्ताज," नजीबनी खालून विचारलं, "तुम्ही विमानात कधी बसलाच नव्हतात?"

"बोलू नकोस," एफेंदी कापऱ्या आवाजात म्हणाले. "किती उंचीवर आहोत तेवढं सांग."

"ट्रक अजून सुरू व्हायचाय, उस्ताज."