आधी गोळी, मंग गोष्ट

नेरमध्ये सत्तारभाई मिस्त्रींसमोर ‘आई गं’ म्हणायची सोय नव्हती. लगेच खिशातून गोळ्यांची पट्टी निघायची आणि ग्रीसनं माखलेल्या बोटांनी एक गोळी तुमच्या तळहातावर. "आधी गोळी, मंग गोष्ट!"

डोकं, दाढ, कंबर, सासूशी भांडण, सगळ्यांवर तीच दुखण्याची गोळी. किराणा दुकानातही मिळायची, म्हणजे ते काही औषध नव्हे असा आमचा समज. वर्गात उभं राहून राहून माझे गुडघे कामातून गेलेले. मीही मुकाट गिळायचो. फुकट मिळते तर कोण सोडतो?

गाडीच्या बाबतीत मात्र माणूस भलता कडक. नुसता आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगायचे. एकदा माझ्या स्कूटरची खडखड थांबावी म्हणून मी कव्हरमध्ये चिंधी कोंबली. केवढे तापले! "आवाज दाबून रोग जाते काय, मास्तर? शिकले कायले मंग तुम्ही?"

त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी, शिलाई मशीन चालवून गुडघ्यांनी बेजार. रोज सकाळी चहासोबत सत्तारभाई स्वतः गोळी सोलून त्यांच्या हातावर ठेवायचे. वर्षानुवर्षं. आमची ही मला त्यांचे दाखले द्यायची, तो एक वेगळाच ताप.

मग भाभींचे पाय सुजले. यवतमाळच्या डॉक्टरांनी विचारलं, "इतकी वर्षं ही गोळी रोज कोण देत होतं?"

"मीच, साहेब. चहासोबत."

रोजच्या गोळीनं किडन्या निकामी झाल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा एसटीनं डायलिसिसला जातात दोघं. सांगतानाही मला थकवा येतो. ते कसे जात असतील देव जाणे.

परवा गुडघा ठणकला म्हणून त्यांच्या घरापुढच्या गॅरेजवर गेलो आणि मेल्या सवयीनं हात पुढं केला. सत्तारभाईंनी हात धरून मला स्टुलावर बसवलं. "गोळी नाही. डॉक्टरले दाखवा."

तेवढ्यात दारात बसलेल्या भाभी भिंत धरून उठल्या.

"दुखता क्या?" सत्तारभाईंनी विचारलं.

"नहीं जी. आज बिल्कुल नहीं," भाभी हसून म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सत्तारभाई हातातला पाना उगाच पुसत बसले.

"रोज असंच म्हणते. मले वाईट वाटू नये म्हणून आवाज दाबून राह्यली ते, मास्तर. मले ऐकू येत नाही काय?"