वाढत्या अंगाचा खेळ

मास्तरांना मुलाचं वय सांगावं लागत नसे. मूल दुकानाची पायरी चढलं की ते चष्म्यावरून एकदा त्याच्या खांद्याकडे बघत, एकदा ढोपराकडे, आणि म्हणत, "साडेसात."

"अहो, आठ पूर्ण झाली त्याला," आई म्हणे.

"मग नीट जेवत नाही."

चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवलेला माणूस. त्यांच्याशी वयावरून वाद घालायला कुणी जात नसे. त्यांचा नियम एकच होता. मूल सहाचं तर कपडा आठचा. आत दोन इंच माया सोडायची, म्हणजे मूल वाढेल तशी शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. अख्ख्या गल्लीतली मुलं जूनमध्ये गणवेशात हरवून जात आणि पुढच्या वर्षी कुठे सापडत. आयांना ते पसंत होतं, मुलांना कुणी विचारत नव्हतं.

म्हणून लेकीनं जेव्हा फोनवर विचारलं, "बाबा, ठमीच्या वयाला शोभेलसा एक खेळ टॅबलेटवर शोधाल का? जमेल तुम्हाला?" तेव्हा मास्तरांना हसूच आलं.

"वयाचं मला विचारतेस?"

"विचारतेय, कारण गेल्या वर्षीचं अजून विसरलेली नाही मी."

गेल्या वर्षी सुट्टीत नऊ वर्षांची ही ठमी, तेव्हा आठची, आजोबांकडे राहायला आली होती. आजोबा गिऱ्हाइकाचं माप घेत असताना तिनं पायमशीनवर मांजराला सदरा शिवायला घेतला, तोही मांजराच्या अंगावरच. मांजर वेळेवर पळालं. ठमीचं बोट पळालं नाही. सुई नखातून आरपार गेली. लेक रुग्णालयात नर्स, त्यामुळे पट्टी छान झाली, पण बापाला मात्र तिनं जे सुनावलं ते मास्तरांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा तिची अट साफ होती. मास्तर कामात असतील तो दुपारचा एक तास ठमी मशीनपासून लांब, टॅबलेटवर एक खेळ घेऊन बसेल. खेळ वयाला साजेसा हवा, मारामारी नको, रक्त नको. रविवारी ती ठमीला घेऊन येईल आणि स्वतः बघेल. पटलं तर ठमी पंधरा दिवस आजोबांकडे. नाही पटलं तर सोमवारपासून पोहण्याच्या शिबिरात. फॉर्म भरून ठेवलेला होता.

बायको गेल्यापासून मास्तरांच्या घरात पंधरा दिवस सलग बोलणारं माणूस म्हणजे ठमीच. वर्षभर ते त्या पंधरा दिवसांवर काढत. त्यामुळे गुरुवारी दुपारी त्यांनी दुकानाचं दार लोटलं, लेकीनं दिलेला टॅबलेट कापड बेतायच्या टेबलावर ठेवला, टेप गळ्यात अडकवली आणि खेळांचं दुकान उघडलं.

दुकानानं पहिल्यांदा नाव विचारलं. त्यांनी लिहिलं, मास्तर. मग जन्मतारीख विचारली. आता तुम्हीच सांगा, मापाच्या वहीत माप कुणाचं लिहितात? जो घालणार त्याचं. पैसे देणाऱ्या बापाच्या छातीचं माप कुणी मुलाच्या शर्टाला घेत नाही. मास्तरांनी ठमीची जन्मतारीख लिहिली. मग दुकानानं पालकांचा ईमेलचा पत्ता मागितला. ठमीची पालक कोण? लेक. तिचा पत्ता घातला. लगेच पडद्यावर एक अस्वल आलं आणि हात हलवून म्हणालं, "ये छोट्या दोस्ता, मास्तर!"

अडुसष्टाव्या वर्षी हा मान मिळाल्यावर मास्तर जरा ओशाळले, पण पुढे गेले.

खेळांची चित्रं होती आणि प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आकडा. तीन, सात, बारा, सोळा. मास्तरांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्यांच्या कपाटाच्या खणांवर असेच आकडे होते. तीनचा खण त्यांनी बघितलासुद्धा नाही. तीन वर्षांच्या पोराचं झबलं ठमीला कसं बसेल? सातचाही आखूडच. ठमी नऊची, वर दोन घातले, अकरा. अकराचा आकडा दुकानात नव्हता, म्हणून बाराचा. थोडा ढगळ झाला तर झाला, पुढच्या वर्षीही चालेल.

बाराच्या खेळांत एका चित्रावर सुई होती आणि लांबलचक दोरा. मास्तरांचा ऊर भरून आला. त्यांनी तो घ्यायला बोट दाबलं. "पालकांकडे विनंती पाठवली आहे," असं आलं. काही घडलं नाही, म्हणून पुन्हा दाबलं. मशीनचा दोरा अडकला तर मास्तर पायाखालचं पॅडल हाणत राहतात, तसं त्यांनी बोट हाणलं. मग शेजारचे दोन-चार खेळही दाबून बघितले, न जाणो, यातला एखादा तरी सुटेल.

दहा मिनिटांत फोन वाजला.

"बाबा, मी वॉर्डात आहे. माझ्या फोनवर एकवीस विनंत्या आल्यात. 'तुमचा पाल्य मास्तर याला प्रेतं शिवण्याचा खेळ हवा आहे.'"

"कुणाला शिवण्याचा?"

"प्रेतं. तुटलेले हातपाय सुईदोऱ्यानं जोडायचे आणि मग ती उठून चावतात. हा तुम्ही ठमीसाठी निवडलात?"

"अगं, चित्रावर सुई होती. आणि बाराचा घेतला मी, वाढत्या अंगाचा."

पलीकडून वॉर्डातल्या ट्रॉलीचा खडखडाट ऐकू आला.

"बाबा, ते माप नाहीये. बारा म्हणजे बाराच्या आतल्यांना नको. तीन म्हणजे तीनपासून शंभरापर्यंत सगळ्यांना चालतो."

"एकच कपडा तीनपासून शंभरापर्यंत? असा कोण शिवतो?"

"रविवारपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे," लेक म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मास्तरांना रात्रभर शिबिराचा तलाव दिसत राहिला. शुक्रवारी ते हुशारीनं वागले. त्यांनी तीनचा खण उघडला आणि बटणांचा एक खेळ शोधला. रंगीत बटणं त्यांच्या त्यांच्या काजांत सरकवायची, बस. ना रक्त, ना प्रेत. पण तोही सुटेना. विनंती करावी, तर बाविसावी विनंती लेकीला पाठवायची त्यांची छाती होईना. शेवटी टॅबलेट पिशवीत घालून ते कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्याकडे गेले.

"मास्तर, यात तुम्ही नऊ वर्षांचे आहात," मोबाइलवाला म्हणाला.

"चुकून झालं."

"वय वाढवायला पालकांची परवानगी लागेल. वडील आहेत?"

"वारले. एकोणतीस वर्षं झाली."

मोबाइलवाल्यानं मान हलवली आणि जुनं खातं बाजूला करून नवं उघडून दिलं. खरं नाव, खरी तारीख, वय अडुसष्ट. बटणांचा खेळ एका बोटात आला. मास्तरांना इतकं हलकं वाटलं की परत येताना त्यांनी शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या तीन मुलांची वयं मनातल्या मनात सांगून टाकली. दुपारभर ते स्वतः खेळून बघत बसले. चौथ्या पायरीवर अडकले, पण त्याचं काही वाटलं नाही. ठमी शिकवील.

रविवारी लेक आली. तिनं बटणांचा खेळ नीट पाहिला, दोन पायऱ्या खेळली आणि हसली. तिला असं हसलेलं मास्तरांनी महिन्यात पाहिलं नव्हतं.

"चांगला शोधलात की, बाबा."

"मग? आपलं आयुष्य यातच गेलं."

ठमीची बॅग आतल्या खोलीत गेली. ठमी टॅबलेट घेऊन कापडाच्या ताग्यांवर बसली. बापलेकींनी चहा घेतला. लेक पायात चपला सरकवत होती, तेवढ्यात ताग्यांवरून ठमीचा आनंदी आवाज आला.

"आई, बघ, मी याचं मुंडकं उलटं शिवलं."

बटणांचा खेळ ठमीनं दोन मिनिटांत संपवला होता. मग ती टॅबलेटवरच्या खेळांच्या दुकानात गेली. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला दुकान कशालाच नाही म्हणत नाही. अस्वल आलं नाही, परवानगी मागितली नाही. सुईदोऱ्याचं चित्र ठमीलाही आवडलं. आजोबांचीच नात ती.

लेक चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. ती ताग्याच्या कडेला बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, त्या नऊ वर्षांच्या खात्यात ती सुरक्षित होती. तुमच्या हातून चुकून बरोबर झालं होतं. तेवढंच तुम्ही उसवलंत."

मास्तर टेपचं टोक बोटाला गुंडाळत उभे राहिले.

लेकीनं जुनं खातं परत सुरू केलं, रोजच्या एका तासाचं कुलूप घातलं आणि बटणांच्या खेळाला परवानगी दिली. पुन्हा कधी ठमी आली तर घोळ नको, म्हणाली. ठमीची बॅग बाहेर आली. जाताना ठमीनं आजोबांच्या कानात सांगितलं, "चौथ्या पायरीला निळं बटण आधी घ्यायचं," आणि ती शिबिराला गेली.

सोमवारी दुपारी दुकानात कुणी नव्हतं. मास्तरांनी टॅबलेट उघडला. निळं बटण आधी घेतलं. पाचवी पायरी आली, सहावी आली, सातवीला ते पुन्हा अडकले. तेवढ्यात पडद्यावर अस्वल आलं.

"मास्तर, आजचा वेळ संपला. आता घरातल्यांशी गप्पा मार."

मास्तरांनी चष्म्यावरून दुकानभर नजर फिरवली. मग टॅबलेट पिशवीत घातला, आणि मांजराला हाक मारली.