गुहेतला जावई

लग्नाआधी मी बायकोला एक थाप मारली होती. बावीस वर्षं ती बिचारी कुणाच्या अध्यात ना मध्यात, गप्प पडून होती. (थाप. बायको नव्हे.)

थाप अशी, की मी पाण्याखालच्या गुहेत एकट्याने जाऊन आलोय. आमच्या वावाऊ बेटांत कुणालाही विचारा, ही गुहा माहीत असते. तिचं तोंड समुद्राखाली. पुरुषभर खोल बुडी मारायची, श्वास कोंडून बोगद्यातून पुढे सरकायचं आणि वर यायचं ते थेट गुहेच्या पोटात, हवेत. मी पडलो बंदरावरच्या कचेरीतला कारकून. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेल्या शिडाच्या होड्यांच्या कागदांवर रोज शिक्के मारतो. तेवढ्या शाईतून थोडं साहस अंगाला लागणारच की!

त्या शनिवारी माझा मेव्हणा फाताई त्याच्या होडीतून आम्हाला मावससासूबाईंच्या बेटावर नेत होता. मी, बायको सेलुवाया आणि माझ्या सासूबाई, वय वर्षं एकाहत्तर. नेमका गुहेच्या कड्यासमोर वारा पडला. शीड वाळत घातलेल्या चादरीसारखं लोंबायला लागलं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "वारा येईस्तोवर तुमची ती गुहा बघून या की."

"आज नको. उद्या बघू."

"उद्या रविवार. रविवारी पाण्यात उतरलात तर पाद्रीसाहेब बोंब मारतील."

"पण पोट भरलेलं असताना पोहू नये म्हणतात."

"सकाळपासून काही खाल्लेलं नाही यांनी," बायको म्हणाली. "होडी लागते ना यांना."

"घ्या दाजी," म्हणत फाताईने पाण्यातला चष्मा माझ्या हातात ठेवला. मेव्हणे असेच असतात.

मी उडी मारली. (पाय घसरला, असं फाताई गावभर सांगतो.) खाली माशांचा एक निळा थवा मला बघून अदबीने बाजूला झाला आणि समोर ते तोंड दिसलं. काळंकुट्ट. खरं सांगतो, मी परतच फिरणार होतो. पण मागून लाट आली आणि तिने मला सरळ आत ढकललं. डोकं दोनदा खडकावर आपटलं. छाती फुटायला आली. मी मनातल्या मनात आयुष्यातल्या सगळ्या थापा कबूल करून टाकल्या, कचेरीतल्यासुद्धा. आणि एकदम डोकं हवेत!

मी जिवंत होतो! शिवाय गुहेत होतो! बोगद्यातून येणाऱ्या उजेडाने सगळं पाणी खालून निळं पेटलं होतं. लाट आत घुसली की कानांना दडे बसायचे आणि गुहाभर पांढरं धुकं व्हायचं. लाट ओसरली की धुकं गायब. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. आता थाप उरली नव्हती. मी खरोखर जाऊन आलो होतो.

म्हणजे, गेलो होतो. यायचं बाकी होतं.

तीनदा बुडी मारली. समोर उजेड दिसत होता, पण तिथपर्यंत श्वास पुरेल याची खात्री काही होईना. तिन्ही वेळा मागे फिरलो. शेवटी एका कपारीवर अंग चोरून बसलो. थंडी वाजायला लागली. वर सेलुवाया काय करत असेल ते डोळ्यांपुढे आलं आणि, थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला रडू फुटलं.

तेवढ्यात पाण्यात काहीतरी मोठं हललं. शार्क! मी पाय वर घेतले. (किंकाळी मारली नाही. जरा मोठ्याने श्वास सोडला इतकंच.) पाणी फुटलं आणि पांढऱ्या अंबाड्यासकट सासूबाई वर आल्या.

"इथे बसलात होय! तिकडे माझी पोरगी रडून अर्धी झाली."

"आई, तुम्ही? इथे?"

"नऊ वर्षांची होते तेव्हापासून येतेय. चला. माझा झगा घट्ट धरा, डोळे मिटा आणि पाय झाडू नका. मागे पाद्रीसाहेबांना बाहेर काढलं तेव्हा त्यांनी मला लाथ मारली होती."

मी झगा धरला. पुढचं काही विचारू नका. डोळे उघडले तेव्हा वर आभाळ होतं आणि फाताई मला दंडाला धरून होडीत ओढत होता. सेलुवायाने आधी मिठी मारली, मग पाठीत दोन धपाटे घातले, मग पुन्हा मिठी मारली. वारा केव्हाच सुटला होता. शीड फुगलं, होडी निघाली.

मला राहवेना. "सेलू, एक सांगायचंय. लग्नाआधी मी जे म्हणालो होतो ना, की मी गुहेत..."

"गेला नव्हतात. ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. थाप मारली की तुमचे कान लाल होतात. म्हटलं, या माणसाशी संसार सोपा जाईल."

"काहीतरीच! माझे कान मुळीच लाल होत नाहीत. आणि आत मी घाबरलोबिबरलो नव्हतो हं. गुहा बघत निवांत बसलो होतो."

सासूबाई केस पिळत होत्या. त्यांनी मान वळवून एकदा माझ्या कानांकडे पाहिलं.

"झाले," त्या म्हणाल्या.