शामराव कंपाउंडरचा सूर्य

तोंड आल्यावर लावायचं जांभळं औषध आमच्या कसबा बावड्यातल्या दवाखान्यात दर महिन्याला संपायचं, आणि ते काही बावडेकरांची तोंडं आल्यामुळे नव्हे. शामराव कंपाउंडर त्यानं आभाळ रंगवायचा. जखमेवर लावायच्या लाल औषधाचं रक्त, टिंक्चर आयोडीनच्या भिंती, आणि कागद म्हणजे औषध कंपन्यांच्या जाहिरातींची कोरी पाठ. डॉक्टर करवादायचे, "शामराव, पेशंटला काय लावू आता?" शामराव बाटलीला बूच लावत म्हणायचा, "पेशंट बरा हुतोय की. हितं राजाला भाला लागलाय."

ही त्याची चित्रकथा. दर मंगळवारी नवी पानं दोऱ्यानं शिवून तो बाकावर ठेवायचा, आणि पेशंट नंबर येईपर्यंत वाचायचे. त्या काळात सगळंच रेशनकार्डावर मिळायचं, म्हणून शामरावच्या गावात ऊनसुद्धा कार्डावर होतं. राजानं सूर्य किल्ल्यात कोंडून ठेवलेला. माणशी दोन ओंजळी ऊन, तेही रांग लावून. सुरुवातीला सगळं बावडं राजाला शिव्या घालत होतं. मग कळलं, राजाच्या लेकीच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही. सूर्य सुटला की पोर आंधळी होणार. आणि सूर्य सोडवायला निघालेला तो बंडखोर, ज्याच्यावर सगळे फिदा, त्यानं म्हणे स्वतःच्या सख्ख्या भावाला शिपायांच्या हवाली केलेलं.

झालं, बाकावर दोन तट पडले. साखर कारखान्याच्या रांगेत उसाची गाडी सोडून गाडीवान पोट धरून दवाखान्यात यायचे. तपासलं तर पोट ठणठणीत. कडेवर पोरं घेतलेल्या बायका राजाच्या बाजूनं भांडायच्या. कुणी फार चढ्या आवाजात एखाद्याला हरामखोर ठरवलं की आतून शामराव म्हणायचा, "तसं न्हाय ते. त्येचं बी काय तर असंलच की."

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण हे मीच सांगायला हवं. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि चाळीस बोधकथांचं एक पुस्तक मी स्वतः छापलेलं होतं. माझ्या कथांत खोटं बोलणारा खड्ड्यात पडायचा आणि खरं बोलणाऱ्याला बक्षीस मिळायचं. त्यातली एक प्रत मी मुद्दाम दवाखान्याच्या बाकावर नेऊन ठेवली. तीन दिवसांनी बघतो तर एक म्हातारी तिच्यावर बसली होती. बाक थंड लागतो म्हणाली.

मला शामरावचा मत्सर वाटत होता. मत्सर हा शब्दसुद्धा सभ्य झाला, माझा जळफळाट होत होता. दहा वर्षांत जिला कधी डोकेदुखी माहीत नव्हती त्या आमच्या हिचं डोकं दर मंगळवारी दुखायला लागलं. एकदा तर धाकटी शालू जेवता जेवता म्हणाली, "बाबा, तुमच्या गोष्टीतला कोल्हा सारखा वाईटच का असतो? त्याला कुणी काही केलंय का?" मी म्हणालो, भात संपव. सातवी नापास माणूस, खोकल्याचं औषध ढवळता ढवळता जे करतो ते मला व्याकरणासकट येत नव्हतं.

एका मंगळवारी सकाळी मी लवकर गेलो. डॉक्टर यायचे होते, शामराव आत बाटल्या विसळत होता. बाकावर नवी पानं पडली होती. सूर्य सुटतो की नाही ते त्या दिवशी कळणार होतं, सगळं गाव डोळे लावून बसलेलं. मी ती पानं उचलली, छत्रीत घातली आणि घरी आणून कपाटात माझ्याच पुस्तकांच्या गठ्ठ्यामागे कोंबली.

दवाखान्यात बोंब झाली. शामरावनं कुणाला काही विचारलं नाही. पुढच्या मंगळवारी नवी पानं आली, आणि काही झालंच नाही अशा थाटात मीही बाकावर जाऊन बसलो. एक गाडीवान मोठ्यानं वाचत होता. राजाचा हुकूम लिहिलेला कागद एका माणसानं चोरलेला. त्या माणसाच्या हातात छत्री, डोळ्यांवर चष्मा, आणि नाक तर मी रोज दाढी करताना बघतो तेच. सुदैवानं बाकीच्यांचं लक्ष कागदावर होतं.

"हात तोडा ह्येचं," गाडीवान म्हणाला.

"तसं न्हाय ते," आतून आवाज आला. "पान उलटा की पावणं."

त्यानं पान उलटलं. चोर आपल्या घरी पोचला होता. त्या काळ्याकुट्ट गावात त्याचं घर दिव्यांनी भरलेलं होतं. सगळे दिवे त्यानं स्वतः घडवलेले, पुसून, वात घालून, ओळीनं लावलेले. दार सताड उघडं होतं आणि एकही दिवा न्यायला कुणी आलेलं नव्हतं.

गाडीवानानं दिव्यांच्या ओळीवरून बोट फिरवलं. "एखादा तरी न्यायचा हुता की कुणी," तो म्हणाला.

मी नंबर सोडून उठलो आणि घरी गेलो.

रविवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मी पानं घेऊन मागच्या बाजूला शामरावच्या खोलीवर गेलो. तो सडाफटिंग माणूस, पायरीवर बसून बाटल्यांना चिकटवायच्या डोसाच्या पट्ट्या कापत होता. मी पानं पुढं केली. पाठ केलेली माफी तोंडातून बाहेर येईना.

"रागानं न्हेली आसशीला," तो कात्री ठेवत म्हणाला. "ऱ्हाऊ दे. वाचली काय?"

"नाही," मी म्हणालो.

तेव्हा मात्र त्याचा चेहरा पडला. "चोरून न्हेली आनि वाचली बी न्हाईत?"

"सगळं गाव वाचतंय की तुमचं, शामराव."

"गावाला फुडं काय झालं तेवढं पायजे. कसं केलंय ते बघनारं हितं कोन हाय? लिवनारं मानूस तुमी येकटंच. वाटायचं, मास्तर कवा तर दोन शब्द बोलतील. दोन वर्सं झाली, तुमी बाकावर बसता आनि उठून जाता." तो पायरीवर जरा सरकला. "बसा. हितंच वाचा."

मी बसलो आणि वाचायला लागलो. तो कागदाकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. शेवटच्या पानावर किल्ल्याचं दार अर्धं उघडलेलं होतं आणि राजा लेकीचे डोळे आपल्या तळव्यांनी झाकून उभा होता. दार उघडायचा हुकूम त्यानंच दिला होता. बोटं घट्ट मिटलेली, फक्त एक अंगठा किंचित सुटलेला, पोरीला सूर्य एकदा दिसावा एवढाच.

"मला हे जन्मात जमणार नाही," मी म्हणालो. "म्हणून चोरलं."

त्यानं कात्री उचलून पुन्हा खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "अंगठा बघितला काय? तीन दिस लागलं त्येला."

"पहिल्यांदा तोच बघितला."

शामराव झटकन उठून आत गेला आणि स्टोव्ह पेटवायला लागला. तीन काड्या फुकट गेल्या. चहा त्यानं मला कपात दिला आणि स्वतः बशीत घेतला, कारण त्या घरात दुसरा कप कधी लागलाच नव्हता.