सदतीस सेकंदांची बचत

यंत्राचा वेग वाढला की माणसाचं आयुष्य वाचतं, ही बाब सर्वमान्य असून तिच्याबाबत आजवर एकाही यंत्राने हरकत घेतलेली नाही.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या टाइमकीपरांच्या घरचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा होता. बटण दाबल्यापासून कामाला लागेपर्यंत तो तीन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद घेई. (ही वेळ टाइमकीपरांनी मोजलेली आहे, तिच्यावर अपील नाही.) मुलीने फोनवर निकाल दिला, "बाबा, पुढच्या रविवारी येतेय. साडेतीन मिनिटांच्या आत सुरू झाला तर राहू दे. नाहीतर जाताना भंगारात टाकून जाईन."

टाइमकीपरांचा जीव त्या डब्यात. म्हणून त्यांनी प्रोसेसरला, बनवणाऱ्याने नेमून दिलेल्या वेगाहून जास्त पळवायचं ठरवलं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कार्यपद्धती सोपी आहे : मदरबोर्डच्या निळ्या पडद्यात शिरायचं, वेगाचा आकडा पायरीपायरीने चढवायचा, यंत्राने मान टाकली की एक पायरी उतरायचं आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने चहा मागायचा.

नऊ दिवसांत यंत्राने तेवीसदा मान टाकली. (चहा मात्र अकरा वेळाच मिळाला.) डब्याची एक बाजू कायमची उघडी ठेवण्यात आली. झोपायच्या खोलीतला टेबलफॅन प्रोसेसरच्या सेवेत वर्ग झाला आणि घरातली दोन माणसं वर्तमानपत्राने वारा घेऊ लागली. एकूण शेहेचाळीस तास खर्ची पडले.

रविवारी मुलीसमोर घड्याळ लावलं. तीन मिनिटं एकवीस सेकंद. "जिंकलात बाबा," म्हणत ती हात हलवत निघून गेली. रोज सदतीस सेकंद वाचणार. म्हणजे अवघ्या बारा वर्षं तीन महिन्यांत ते शेहेचाळीस तास भरून निघणार. त्यापुढे सगळी बचतच बचत.

सोमवारी एक किरकोळ त्रुटी निदर्शनास आली.

चौदा वर्षं रोज सकाळी बटण दाबलं की बायको स्टूल ओढून शेजारी बसे, मांडीवर भाजीची टोपली. यंत्र जागं होईतो टाइमकीपरांना दुसरा उद्योग नसल्याने ते ऐकत. पडदा उजळला की कान मिटत. तिचं बोलणं शेजारणीच्या नळावरून निघे, धाकट्या बहिणीच्या गुडघ्याला वळसा घाली आणि साडेतीन मिनिटांनी मुद्द्याच्या दारात येऊन उभं राही. लेकीचं लग्न, मोतीबिंदूचं ऑपरेशन, घराचा रंग : या घरातला प्रत्येक निर्णय त्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात झालेला आहे.

सोमवारी पडदा उजळला तेव्हा ती गुडघ्यावर होती. मंगळवारीही गुडघ्यावरच. बुधवारी ती म्हणाली, "अहो, मला काहीतरी सांगायचंय."

"हं," टाइमकीपर पडद्याला म्हणाले.

गुरुवारी स्टूल आलं नाही. टोपली स्वयंपाकघरातच निवडली गेली. टाइमकीपरांनी सवयीने मनातल्या हजेरीपटावर खूण केली : गैरहजर. चौदा वर्षांतली पहिली. यंत्र तीन एकवीसला सुरू झालं, पण त्यांना ती तीन मिनिटं कारखान्यातल्या रिकाम्या पाळीएवढी लांब वाटली.

त्यांनी तारा काढल्या, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल नखाने उचकटला, थोड्या वेळाने परत बसवला. चढवलेले आकडे पुसले गेले. शुक्रवारी सकाळी बटण दाबून त्यांनी स्टूल स्वतः ओढलं.

"बस गं."

"झाला का म्हातारा परत?"

"झाला."

नळ झाला, गुडघा झाला. साडेतीन मिनिटं झाली.

"टेबलफॅन परत द्या," ती म्हणाली. "पंधरा दिवस उकडून निघतेय मी."

फॅन त्याच दिवशी मूळ जागी रुजू झाला. मुलगी आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येते. शनिवारी वेग चढवण्यात येतो, तिची पाठ वळली की बायकोच आठवण करून देते, "अहो, सेल काढलात का?"

वाचकांनी नोंद घ्यावी की, हे वाचत असताना शेजारून कुणीतरी काहीतरी सांगत होतं आणि आपण दोनदा "हं" म्हणालात. त्यांचा मुद्दा अजून यायचा आहे.